बोलण्याच्या अंतरावरचा कॅमेरा : नामवंतांच्या आत्मीय छायाचित्रांमागची कला, विश्वास आणि कायदा

मुंबई/बेंगळुरू : २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अभिनेत्री आलिया भट यांनी समाजमाध्यमावर आपला संताप व्यक्त केला. दुपारच्या वेळी घरच्या दिवाणखान्यात बसलेल्या असताना कोणीतरी आपल्याकडे पाहत असल्याचे त्यांना जाणवले. मान वर करून पाहिले, तर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर दोन माणसे त्यांच्याच दिशेने कॅमेरा रोखून उभी होती. ती छायाचित्रे तोपर्यंत प्रसिद्धही झाली होती. ओलांडू नये अशी एक रेषा असते आणि ती येथे ओलांडली गेली, असे त्यांचे म्हणणे होते. चित्रपटसृष्टीतील अनेक सहकाऱ्यांनी त्यांना पाठिंबा दिला.

या घटनेने एक जुना प्रश्न नव्याने पुढे आणला. नामवंतांची घरगुती, निवांत, सजावटीपलीकडची छायाचित्रे भारतीय वाचक कित्येक दशके आवडीने पाहत आला आहे. त्यांतील काही छायाचित्रे आज सांस्कृतिक ठेवा मानली जातात. मग गच्चीवरून टिपलेले छायाचित्र आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेले आत्मीय छायाचित्र यांत नेमका फरक कोणता? दोन्हींत प्रसिद्ध चेहरा आहे आणि दोन्हींत त्याचा खासगी क्षण आहे. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधण्याआधी छायाचित्रणाच्या व्यवहारात शोधावे लागते.

व्यक्तिचित्र म्हणजे काय?

ओळखपत्रासाठी काढलेल्या छायाचित्राचा हेतू ओळख पटवणे एवढाच असतो. वृत्तछायाचित्र घटना सांगते. छायाचित्रकार ज्याला ‘पोर्ट्रेट’ म्हणतात, त्या व्यक्तिचित्राचा विषय मात्र ती व्यक्ती हाच असतो. तिचा स्वभाव, तिची मनःस्थिती, तिच्या आयुष्याने चेहऱ्यावर उमटवलेल्या खुणा त्यात याव्यात, अशी अपेक्षा असते.

त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला स्टुडिओतील : येथे प्रकाश, पार्श्वभूमी आणि बैठक छायाचित्रकाराच्या हाती असते. दुसरा परिसरासहित : लेखक त्याच्या पुस्तकांच्या पसाऱ्यात, चित्रकार त्याच्या रंगांच्या डागांमध्ये. तिसरा सहज टिपलेला : समोरच्या व्यक्तीला कॅमेऱ्याची उपस्थिती ठाऊक असते, पण ती त्याच्यासाठी काही करत नसते. आत्मीयता या तिन्हींत येऊ शकते. ती कपड्यांवर किंवा जागेवर अवलंबून नसते. समोरच्या माणसाने आपला सार्वजनिक मुखवटा किती उतरवला, यावर ती ठरते.

प्रसिद्ध व्यक्तींच्या बाबतीत नेमके हेच अवघड असते. अभिनेत्याला आपला चेहरा कोणत्या कोनातून चांगला दिसतो हे पाठ असते. राजकीय नेत्याचे हास्य सरावाचे असते. कॅमेरा दिसताच तो सराव आपोआप जागा होतो. छायाचित्रकाराचे खरे काम त्या सरावापलीकडे पोहोचण्याचे असते.

मुंबईतील आरंभ

दागेरच्या पद्धतीची घोषणा १८३९ मध्ये पॅरिसमध्ये झाली, तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावला जाई. त्या काळच्या छायाचित्रांतील माणसे गंभीर दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. इतका वेळ हसू टिकवणे शक्यच नव्हते.

भारतात हे तंत्र लवकर पोहोचले. १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे छायाचित्रणात रस घेणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक होते. त्याच काळात हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. पुढे हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. या साऱ्या काळात व्यक्तिचित्र हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते. छायाचित्रात माणसापेक्षा त्याचा दर्जा अधिक ठळक दिसे. खुर्ची, पगडी, तलवार, पुस्तक यांची मांडणी त्यासाठीच असे.

चित्रपटाने ही गणिते बदलली. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ सुरू केला. नर्गिस, राज कपूर, मीनाकुमारी अशा अनेक कलावंतांची छायाचित्रे तेथे निघाली. हॉलिवूडच्या धर्तीवरचा तीव्र प्रकाश आणि गडद सावल्या ही त्यांची ओळख होती. नट-नट्यांचे चेहरे त्या कृष्णधवल प्रकाशात स्वप्नवत दिसत. नैरोबीत वाढलेले आणि लंडनमध्ये काम केलेले जितेंद्र आर्य १९६० च्या सुमारास मुंबईत आले आणि ‘फिल्मफेअर’, ‘फेमिना’ यांच्या मुखपृष्ठांनी त्यांनी एका पिढीची अभिरुची घडवली. त्यांच्या कामाचे प्रदर्शन २०१७ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले, तेव्हा मासिकांबरोबर विस्मृतीत गेलेले कितीतरी चेहरे पुन्हा लोकांसमोर आले.

रसायनशास्त्राचा पदवीधर, चेहऱ्यांचा अभ्यासक

मराठी वाचकाला या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव म्हणजे गौतम राजाध्यक्ष. १६ सप्टेंबर १९५० रोजी मुंबईत जन्मलेल्या राजाध्यक्ष यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि काही काळ तेथेच अध्यापनही केले. १९७४ मध्ये ते ‘लिंटास’ या जाहिरात संस्थेच्या छायाचित्रण विभागात रुजू झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांच्यासारख्या कलावंतांच्या छायाचित्रांपासून त्यांचा या क्षेत्रातला प्रवास सुरू झाला. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ छायाचित्रकार झाले.

त्यांचे वेगळेपण असे की ते चेहरा टिपत आणि त्याविषयी लिहीतही. लेखिका शोभा डे या त्यांच्या चुलत भगिनी. त्यांच्या संपादनाखालील ‘सेलिब्रिटी’ या नियतकालिकासाठी आणि इतरत्रही राजाध्यक्ष यांनी व्यक्तिचित्रे आणि लेख यांची जोड दिली. मराठीत ‘चंदेरी’ या चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले. काजोल यांचा पहिला चित्रपट ‘बेखुदी’ (१९९२) आणि त्यानंतरचा ‘अंजाम’ (१९९४) यांच्या पटकथालेखनातही त्यांचा सहभाग होता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेसेस’ या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात दुर्गा खोटे यांच्यापासून ऐश्वर्या राय यांच्यापर्यंत चित्रपटसृष्टीतील ४५ व्यक्तींची छायाचित्रे आणि शब्दचित्रे आहेत. ‘चेहरे’ हा त्यांचा मराठी ग्रंथ २०१० मध्ये आला. पुढच्याच वर्षी, १३ सप्टेंबर २०११ रोजी, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

राजाध्यक्ष यांच्या छायाचित्रांत पार्श्वभूमी बहुधा साधी असते, प्रकाश मवाळ असतो आणि चौकटीचा मोठा भाग चेहऱ्याने व्यापलेला असतो. दागिना, साडी, केस यांची निगा काटेकोर असते. पण नजर शेवटी डोळ्यांवरच येऊन थांबते. लेख लिहिणारा छायाचित्रकार समोरच्या माणसाला आधी ऐकतो, हे त्यांच्या कामाचे मर्म म्हणता येईल. ज्याच्याशी मनमोकळे बोलणे झाले आहे, त्याच्यासमोर चेहरा आवळून बसण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

अशा छायाचित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : त्यांत सगळेच सुंदर दिसतात. मवाळ प्रकाश सुरकुत्या झाकतो, थकवा पुसतो. मग त्याला सत्य म्हणावे का? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. कॅनडातील छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी डिसेंबर १९४१ मध्ये ओटावा येथे विन्स्टन चर्चिल यांचे छायाचित्र घेताना त्यांच्या तोंडातील सिगार अचानक काढून घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली चीड टिपली. युद्धकाळातील ब्रिटनच्या निर्धाराचे प्रतीक म्हणून ते छायाचित्र जगभर गेले. कार्श यांनी विश्वासाला क्षणभर धक्का देऊन सत्य मिळवले. राजाध्यक्ष यांचा मार्ग विश्वास वाढवत नेण्याचा होता. मात्र दोघांतही एक गोष्ट समान होती. समोरची व्यक्ती छायाचित्रासाठी उभी राहिली होती आणि छायाचित्रकार तिच्यासमोर, हाताच्या अंतरावर होता.

लेन्स आणि अंतर

हे अंतर शब्दशः महत्त्वाचे आहे. अगदी जवळून, हातभर अंतरावरून चेहरा टिपला, तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइलने स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो. हातभर अंतरावर नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरेच जवळ असते, त्यामुळे प्रमाण बिघडते. सहा ते आठ फुटांवर गेले की हा फरक नगण्य होतो आणि चेहरा नेहमी दिसतो तसा दिसतो. त्या अंतरावरून चौकट चेहऱ्याने भरावी म्हणून छायाचित्रकार ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स वापरतात.

सहा ते आठ फूट हे अंतर आणखी एका कारणाने उपयोगी आहे. दोन माणसे आवाज न चढवता बोलू शकतात, इतकेच ते असते. म्हणजे ज्या अंतरावर चेहऱ्याचे प्रमाण योग्य राहते, त्याच अंतरावर संवादही टिकतो. गच्चीवरून रोखलेली लांब पल्ल्याची लेन्स चेहरा तितकाच मोठा दाखवते, पण तेथे बोलण्याची शक्यताच नसते. प्रतिमेतली जवळीक तंत्राने साधलेली असते, माणसांमध्ये ती नसते. चोरट्या छायाचित्रात डोळे बहुतेक वेळा कोणाकडेच पाहत नसतात, याचे कारण हेच.

प्रकाशाची मांडणीही अशीच समजून घेता येते. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूने, थोडा वरून ठेवला जातो. दुसऱ्या बाजूची सावली फार गडद होऊ नये म्हणून रिफ्लेक्टर किंवा साधे थर्मोकोलचे पांढरे शीट धरले जाते. दिव्यासमोर पातळ कापड वा छत्री आली की प्रकाश मवाळ होतो. बुबुळात दिव्याचे लहानसे प्रतिबिंब उमटले की डोळे सजीव भासतात. ते नसेल, तर उत्तम चेहराही विझलेला दिसतो. उत्तरेकडच्या खिडकीचा प्रकाश आणि एक पांढरे कापड एवढ्यावरही उत्कृष्ट व्यक्तिचित्र होऊ शकते.

फिल्मच्या काळात ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ चित्रे निघत. मोठ्या चौकोनी चित्रांच्या १२० रोलवर केवळ १२. काढलेले चित्र लगेच पाहण्याची सोय नव्हती. त्यामुळे छायाचित्रकाराची नजर समोरच्या माणसावर राही आणि बटण दाबण्याआधी वाट पाहावी लागे. आज शेकडो चित्रे काढता येतात. पण प्रत्येक चित्र पडद्यावर लगोलग पाहिले जाऊ लागले, की बसलेली व्यक्तीही स्वतःला तपासू लागते आणि उतरलेला मुखवटा पुन्हा चढतो.

मैफल, लेखणी आणि सत्ता

आत्मीय व्यक्तिचित्रण चित्रपटापुरते मर्यादित नाही. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी सवाई गंधर्व महोत्सवातील आणि त्याबाहेरील ज्येष्ठ गायक-वादकांच्या भावमुद्रा टिपल्या आणि दिनदर्शिकांच्या रूपाने त्या अनेक घरांच्या भिंतींवर नेल्या. गायक स्वरात बुडालेला असतो तेव्हा त्याला चेहऱ्याचे भान नसते. तेथे छायाचित्रकाराचे कौशल्य संगीत जाणण्यात असते, कारण समेवर येण्याआधीचा तो क्षण ज्याला कळतो, त्यालाच तो टिपता येतो. म्हैसूरचे टी. एस. सत्यन यांनी वृत्तपत्रांसाठी आणि ‘लाइफ’सारख्या मासिकांसाठी काम करताना सामान्य माणसाकडेही तितक्याच आदराने पाहिले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात विशेष बोलके आहे. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यारावाला यांनी पंडित नेहरूंचे कितीतरी सहज क्षण टिपले. मात्र १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांची वागणूक आणि मर्यादेचा अभाव त्यांना रुचला नव्हता. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची चर्चा सुरू होण्याच्या अर्धशतक आधीच त्यांनी आपल्यापुरता निर्णय घेतला होता.

कायदा काय सांगतो?

येथे तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. ते सुटे करून पाहणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न : छायाचित्राचा मालक कोण? स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती असते. मात्र कलम १७ प्रमाणे कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर स्वामित्व हक्क मोबदला देणाऱ्याकडे जातो. याचा संबंध केवळ ताऱ्यांशी नाही. बेंगळुरूच्या जयनगरमधील किंवा पुण्याच्या पेठेतील एखाद्या स्टुडिओत आपण पैसे देऊन कौटुंबिक छायाचित्र काढले आणि ते दुकानाच्या दर्शनी भागात वा जाहिरातीत झळकले, तर हाच नियम आपल्याही बाजूने उभा राहतो. पूर्वी छायाचित्राला प्रसिद्धीपासून ६० वर्षांचे संरक्षण होते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते छायाचित्रकाराच्या हयातीपुरते आणि त्यानंतर ६० वर्षांचे झाले.

दुसरा प्रश्न : खासगीपणाचा. ‘आर. राजगोपाल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये व्यक्तीचे घर, कुटुंब, विवाह, मातृत्व अशा बाबींत तिच्या संमतीविना प्रसिद्धी देता येणार नाही, असे तत्त्व मांडले. सार्वजनिक नोंदी आणि लोकसेवकांची अधिकृत वर्तणूक यांना त्यातून वगळले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, बेंगळुरूचे के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. तरीही गच्चीवरून दिवाणखाना टिपण्याला थेट लागू पडेल अशी फौजदारी तरतूद शोधणे सोपे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई संमतीविना शरीराच्या खासगी भागांची प्रतिमा घेण्यापुरते मर्यादित आहे. सोफ्यावर बसलेल्या माणसाला ते फारसे उपयोगी पडत नाही.

तिसरा प्रश्न : चेहऱ्याच्या व्यापारी वापराचा. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना नाव, प्रतिमा, आवाज यांचा अनधिकृत वापर रोखला. कपूर यांच्या प्रकरणात त्यांच्या खास लकबीतील ‘झकास’ या अस्सल मराठमोळ्या शब्दाचाही उल्लेख झाला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या गैरवापरालाही मनाई करण्यात आली.

विश्वासाची नवी कसोटी

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच महिलेच्या शरीरावर बसवलेली बनावट चित्रफीत पसरली आणि प्रश्न आणखी पुढे सरकला. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला निदान समोर खरी व्यक्ती लागत होती. आता तीही लागत नाही. अस्तित्वातच नसलेला खासगी क्षण तयार करता येतो.

अशा काळात खऱ्या व्यक्तिचित्राचे मोल वाढते. कोणी, कोठे, कोणाच्या संमतीने, किती वेळ समोर बसून हे छायाचित्र घेतले, याची साखळी सांगता येणे हेच त्याच्या अस्सलपणाचे प्रमाण ठरते. म्हणून जुन्या स्टुडिओंतील निगेटिव्ह, नोंदवह्या आणि छायाचित्रांमागच्या तारखा जपणे हे केवळ स्मरणरंजन राहत नाही. दमट हवेत फिल्मला बुरशी धरते, रंग उडतात आणि वारसांना त्या डब्यांचे काय करावे हे ठाऊक नसते. दादरपासून जयनगरपर्यंत मोहल्ल्यामोहल्ल्यांतले फोटो स्टुडिओ आज प्रामुख्याने पासपोर्टच्या छायाचित्रांवर आणि झेरॉक्सवर चालतात. त्यांच्या माळ्यावर पडलेल्या डब्यांत आपल्या शहरांचे चेहरे साठलेले आहेत, ते सुस्थितीत असेपर्यंत त्यांची नोंद घेणे शक्य आहे.

आलिया भट यांच्या तक्रारीतला प्रश्न आता स्पष्ट होतो. नामवंताच्या घरात कॅमेरा जाऊ नये, असे कोणी म्हटलेले नाही. तो दारातून जावा, एवढीच अपेक्षा आहे. दार वाजवून आत आलेल्या, समोर बसून दोन शब्द बोललेल्या छायाचित्रकाराला जे मिळाले, ते आजही पाहिले जाते. गच्चीवरून मिळवलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी कोणाच्या स्मरणातही उरत नाही. ज्याचे ते घेतले, त्याच्या मात्र ते कायम लक्षात राहते.